अळी तीच, कुळ मात्र नवे!

पिपरी मेघे (जि. वर्धा) : वर्धा शहराची हद्द कोठे संपते आणि पिपरी मेघे कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही, इतकी वस्ती आता एकमेकींत मिसळली आहे. जुन्या शेतांच्या जागी ले-आउट पडले; तरी त्यांच्या पलीकडे कपाशी, तूर, सोयाबीन आहेच. पावसाळा उताराला लागला की पथदिव्यांभोवती करड्या-तपकिरी पतंगांची गर्दी होते. शहरी माणूस सकाळी त्यांचा सडा केरसुणीने लोटून मोकळा होतो. शेतकऱ्याला मात्र हीच पाखरे पाहून पुढच्या आठवड्याची चिंता लागते. कारण पाखरू आले की मागोमाग अंडी आणि अंड्यांमागोमाग अळी येणार, हे त्याला ठाऊक असते.

दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या या जमावाचे सरकारी भाषेत सांगायचे तर 'फेरसर्वेक्षण' झाले आहे. कोणता पतंग कोणाचा भाऊबंद, कोण कोणत्या घराण्यातला, याचा शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला दप्तराचा कागद गेल्या पंचवीस वर्षांत बदलला गेला. पतंगांतील सर्वांत मोठे समजले जाणारे नॉक्टुइडी हे कुळ फुटले, त्यातील मोठा भाग दुसरीकडे गेला, दोन जुनी व प्रतिष्ठित कुळे तर आपला दर्जाच गमावून बसली. हे सारे प्रयोगशाळांत आणि संग्रहालयांत घडले. परंतु त्याचा धागा वर्धा जिल्ह्यातील पऱ्हाटीच्या बोंडापर्यंत येऊन पोचतो. म्हणून हा विषय केवळ कीटकशास्त्रज्ञांचा राहत नाही.

एका बोंडात तीन बिऱ्हाडे

कपाशीच्या बोंडावर आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकारच्या अळ्या येतात. पहिली हिरवी बोंडअळी. तिलाच अमेरिकन बोंडअळी म्हणतात. दुसरी ठिपक्यांची बोंडअळी. तिसरी गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी. तिघींची शास्त्रीय नावे अनुक्रमे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, इअरिअस व्हिटेला आणि पेक्टिनोफोरा गॉसिपिएला अशी आहेत. ठिपक्यांच्या अळीचे इअरिअस इन्सुलाना नावाचे आणखी एक भावंड आहे. पण तूर्त त्याला बाजूला ठेवू.

तिघींचे नुकसान करण्याचे ढंग वेगवेगळे. हिरवी अळी बोंडाला छिद्र पाडून डोके आत खुपसते आणि अर्धे अंग बाहेरच ठेवून खाते. एका बोंडावर तिचे भागत नाही. ती पुढच्या बोंडाकडे जाते. ठिपक्यांची अळी पीक लहान असताना कोवळे शेंडे पोखरते, मग पात्या, फुले आणि बोंडांकडे वळते. शहरातल्या वाचकांचीही तिच्याशी ओळख आहे: भेंडी चिरताना आत जी अळी निघते, ती बहुधा हीच. गुलाबी अळी या दोघींहून अधिक धूर्त म्हणावी लागेल. लहानपणीच ती बोंडात शिरते, शिरण्याचे छिद्र मागाहून बुजून जाते आणि बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड आतून सरकीसकट पोखरले जाते. फुलाच्या पाकळ्या रेशमाने आतून बांधल्या गेल्या की ते फूल नीट उमलत नाही. त्याला शेतकरी 'डोमकळी' म्हणतात. तिचा उपद्रव झालेल्या बोंडातून निघते ती डागाळलेली 'कवडी'.

शेतीच्या पाठ्यपुस्तकांत यांपैकी पहिल्या दोघी दीर्घकाळ एकाच कुळात, नॉक्टुइडीत, दाखवल्या जात. तिसरी तेव्हाही वेगळी होती. तिचे गेलेचिइडी हे कुळ आकाराने लहान, झालरीसारख्या मागील पंखांच्या पतंगांचे. आजच्या मान्य वर्गीकरणात मात्र ठिपक्यांची अळी नॉक्टुइडीतून निघून नोलिडी या कुळात गेली आहे. म्हणजे एका बोंडावर जगणाऱ्या तिघी आता तीन वेगळ्या घराण्यांतल्या ठरतात.

सारे पाटील एका घरचे नसतात

जीवसृष्टीची वर्गवारी करताना जाती, त्यावर वंश, त्यावर कुळ आणि कुळांवर गण अशी उतरंड रचली जाते. स्वीडनचा कार्ल लिनिअस याने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावे सरसकट लावण्याची रीत घातली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. लिनिअसच्या काळी उत्क्रांतीची कल्पना नव्हती. दिसण्यात सारखे ते एका गटात, इतका साधा हिशेब होता. डार्विननंतर हळूहळू हा हिशेब पालटला. आता एका कुळात बसवलेल्या सर्व जातींचा पूर्वज एकच असावा आणि त्या पूर्वजाचे सारे वंशज त्याच कुळात असावेत, अशी अपेक्षा धरली जाते.

अडचण अशी की बाह्यरूप फसवते. महाराष्ट्रात गावोगावी पाटील आहेत, म्हणून सारे पाटील एका घरचे ठरत नाहीत. ते नाव कामावरून पडले आहे, रक्तावरून नव्हे. उलट एकाच घरातले दोघे भाऊ दोन गावी जाऊन दोन आडनावे लावू लागल्याची उदाहरणेही पुष्कळ सापडतील. पतंगांच्या कुळांचे नेमके हेच झाले होते. करडा रंग, जाडसर केसाळ अंग, रात्रीचा संचार एवढ्या बळावर हजारो जाती एका छपराखाली आल्या होत्या; आणि अंगावर भडक पट्टे असलेले त्यांचे सख्खे भाऊबंद वेगळे बिऱ्हाड करून राहिले होते.

भारतीय पतंगांच्या जुन्या मांडणीवर एका माणसाचा मोठा ठसा आहे. सर जॉर्ज हॅम्पसन हा इंग्रज निलगिरीत चहाचा मळेवाला होता. पुढे तो लंडनच्या संग्रहालयात गेला आणि १८९२ ते १८९६ या काळात ब्रिटिश भारतातील पतंगांवर त्याने चार खंड प्रसिद्ध केले. पंखांतील शिरांची रचना, डोळ्यांवरील केस, पायांवरील काटे अशा डोळ्यांना व भिंगाला दिसणाऱ्या खुणांवर त्याचा भर होता. मागील पंखाच्या मध्यपेशीच्या खालच्या कोपऱ्याकडून निघणाऱ्या शिरा तीन दिसतात की चार, यावरून नॉक्टुइडींचे 'तिफाटी' आणि 'चौफाटी' असे ढोबळ दोन तट पडत. आज हे सारे जुनाट वाटेल. परंतु सूक्ष्मदर्शक आणि टाचणीला टोचलेले नमुने एवढ्याच भांडवलावर त्या पिढीने जे उभे केले, त्यातील बराच भाग अजून टिकून आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तिफाटी आणि चौफाटी हा भेद तर पुढे जनुकांच्या अभ्यासातही, थोड्या वेगळ्या अर्थाने, डोके वर काढणारच होता.

वर्षभरात मोडलेली मांडणी

नॉक्टुइडी ज्यात येते ते नॉक्टुऑइडिया हे महाकुळ पतंग-फुलपाखरांतील सर्वांत मोठे असून त्यात सुमारे ४२ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. या सर्वांना जोडणारी एक खूण छातीच्या मागल्या भागात असते. ती म्हणजे कान. वटवाघूळ शिकारीसाठी सोडते तो माणसाला ऐकू न येणारा आवाज या कानांना कळतो आणि पतंग वाट बदलून निसटू पाहतो. महाकुळाची चौकट अशी बरीच भक्कम होती. वाद होता तो आतल्या खोल्यांचा.

अमेरिकेतील मिचेल, मिटर आणि रेगिअर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासाने पहिला मोठा धक्का दिला. चौफाटी नॉक्टुइडींचे जवळचे नाते तिफाटी नॉक्टुइडींशी नसून आर्क्टिइडी आणि लायमॅन्ट्रिइडी या 'परक्या' कुळांशी आहे, असा त्याचा रोख होता. म्हणजे नॉक्टुइडी हे एक घराणे नव्हतेच. आडनाव तेवढे एक होते.

त्यानंतर जे घडले ते शास्त्राच्या इतिहासात गमतीचे म्हणावे लागेल. डेन्मार्कचे मायकेल फिबिगर आणि कॅनडाचे डोनाल्ड लाफाँटेन यांनी २००५ मध्ये नॉक्टुइडीची फोड करून एरेबिडीसह अनेक स्वतंत्र कुळे मांडली. आणि पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, याच दोघांनी ती मांडणी मागे घेऊन सर्वांना, आर्क्टिइडी-लायमॅन्ट्रिइडीसकट, एकाच विशाल नॉक्टुइडीत सामावून टाकले! कुळांच्या सीमा अजून खात्रीने आखता येत नाहीत, तर निदान एक मोठे कुंपण तरी पक्के घालावे, असा त्यामागचा विचार होता. सामान्य वाचकाला हा पोरखेळ वाटेल. पण पुरावा बदलला की मत बदलणे, आणि ते स्वतःच्या नावानिशी छापून बदलणे, हे अन्य क्षेत्रांत किती आढळते याचा विचार करून मग हसावे.

२०११ मध्ये फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातील रझा झाहिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशेवर जातींच्या आठ जनुकखंडांची तुलना प्रसिद्ध केली. लाफाँटेन त्या चमूतही होतेच. महाकुळाच्या कुळपातळीवरील वर्गीकरणाला आता स्थैर्य येण्याची 'आशा' आहे, असे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. इतका सावध शब्द शास्त्रीय शीर्षकात क्वचितच येतो. त्यानुसार महाकुळात सहा कुळे उरली. एरेबिडी सर्वांत मोठे. त्यात २४ हजारांहून अधिक जाती. नॉक्टुइडी आक्रसून सुमारे पावणेबारा हजारांवर आले. नोलिडीत १,७०० हून अधिक. नोटोडोंटिडी, युटेलिइडी आणि ऑस्ट्रेलियापुरते असलेले चिमुकले ओएनोसँड्रिडी ही उरलेली तीन. आर्क्टिइडी आणि लायमॅन्ट्रिइडी यांची रवानगी एरेबिडीच्या पोटात उपकुळे म्हणून झाली. ही मांडणी आज जगभर बव्हंशी स्वीकारली गेली आहे.

साक्ष होडीच्या आकाराच्या कोषाची

ठिपक्यांच्या बोंडअळीला नोलिडीत नेणारा पुरावा केवळ जनुकांचा असता, तर सर्वसामान्यांनी तो मुकाट्याने मान्य करण्यापलीकडे काही उरले नसते. पण येथे एक साधी, हाताने उचलून पाहता येईल अशी साक्ष आहे.

कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही ठिपक्यांच्या बोंडअळीच्या कोषाचे वर्णन आठवेल. ही अळी पूर्ण वाढली की रेशमाचा चिवट, उलट्या होडीच्या आकाराचा कोष विणते. परीक्षेत हमखास विचारले जाणारे हे वाक्य पिढ्यान् पिढ्या वह्यांत उतरवले गेले. हिरव्या बोंडअळीचे तसे नाही. ती झाडावरून उतरून जमिनीत शिरते आणि मातीच्या कप्प्यात कोषावस्था काढते. होडीसारखा कोष आणि त्याच्या एका टोकाला पतंग बाहेर पडण्यासाठी ठेवलेली उभी फट, हे नोलिडी कुळाचे वैशिष्ट्य होय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इअन किचिंग आणि जॉन रॉलिन्स यांनी याच खुणेला महत्त्व देऊन नोलिडीची व्याप्ती वाढवली होती. जनुकांचा कौल त्यानंतर आला आणि तो याच बाजूने पडला. वहीत लिहिलेले वाक्य खरे होते. त्या वाक्याचा अर्थ तेवढा कोणी लावला नव्हता.

प्रौढ पतंगही निराळा आहे. इअरिअस व्हिटेलाच्या फिकट पांढुरक्या पुढील पंखांवर मधोमध हिरवा पट्टा असतो. हिरव्या बोंडअळीचा पतंग पिवळसर तपकिरी, पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका असलेला. दोन्ही समोर ठेवले तर यांना कधी एका कुळात कसे बसवले, असेच वाटावे. अर्थात हे शहाणपण निकाल लागल्यानंतरचे.

नावात अमेरिका, वंश जुन्या जगाचा

हिरव्या बोंडअळीने कुळ बदलले नाही. तिच्या वाट्याला दुसरा गोंधळ आला. तो वंशाचा आणि जातीचा.

कपाशीवर तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर तीच घाटेअळी होते आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. तिन्ही नावे एकाच जिवाची. भारतात तिच्या खाद्यवनस्पतींची संख्या १८१ नोंदली गेली आहे. दुसरीकडे, अमेरिकेत मका, टोमॅटो आणि कापूस खाणारी हुबेहूब अशीच अळी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोन्हींना अनेक शास्त्रज्ञ एकच जगद्व्यापी जाती समजत आणि हेलिऑथिस या वंशात घालत. कॅनडाचे डेव्हिड हार्डविक यांनी १९६५ मध्ये या संपूर्ण समूहाची छाननी केली. नर-माद्यांच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून त्यांनी दाखवून दिले की, आशिया, आफ्रिका, युरोप व ऑस्ट्रेलियातील जाती वेगळी आणि अमेरिकेतील वेगळी. या गटासाठी त्यांनी हेलिकोव्हर्पा हा नवा वंश उभारला. जुन्या जगातली ती आर्मिजेरा, नव्या जगातली ती झिया. आपली 'अमेरिकन' अळी अशा रीतीने अमेरिकेची नाहीच, हे साठ वर्षांपूर्वी सिद्ध झाले. मराठीतले नाव मात्र आजही कायम आहे.

शास्त्रज्ञांनीही नवे नाव पटकन उचलले नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९८१ मध्ये या किडीवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, तीही हेलिऑथिसच्याच नावाने. त्यामुळे जुने संशोधन धुंडाळताना आजही दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. एकच नाव ठाऊक असलेल्याला अर्धे कपाट दिसतच नाही.

या दोन जातींचे नाते किती जुने, याचे उत्तर देणाऱ्या संशोधनात नागपूरचाही वाटा आहे. जी. टी. बेहेरे यांचा २००७ मधील शोधनिबंध मेलबर्नच्या संशोधकांबरोबर झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे डॉ. केशव क्रांती हेही त्याचे सहलेखक होते. भारतासह अनेक देशांतील शेतांतून गोळा केलेल्या पतंगांच्या मातृवंशीय जनुकांची तुलना करून त्यांनी मांडले की, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी आर्मिजेराच्या वंशातील थोडे पतंग अमेरिका खंडात पोचले आणि त्यांच्यापासून झिया ही जाती वेगळी झाली असावी.

हा निष्कर्ष ज्ञानकोशात पडून राहिला असता. परंतु २०१३ मध्ये ब्राझीलमधून बातमी आली की तेथील सोयाबीन व कापसावर आर्मिजेरा सापडली आहे. तेथे झिया पूर्वीपासून होती. अळ्या दिसायला सारख्या, मादीचा कामगंधही जवळपास तोच. त्यामुळे सापळ्यात पडलेला पतंग कोणता, हे जननेंद्रिये किंवा जनुके तपासल्याशिवाय कळत नाही. जपून ठेवलेले जुने नमुने तपासले तेव्हा ही कीड अधिकृत नोंदीच्या काही वर्षे आधीच देशात शिरल्याचे दिसून आले. तोवर तिला स्थानिक झिया समजून फवारण्या चालू होत्या. आर्मिजेराने आशियात पायरेथ्रॉइड गटातील औषधांना दाद न देण्याची ताकद कमावलेली होती; आपल्याकडे आंध्र प्रदेशात १९८७ मध्येच त्याचा कटू अनुभव आला होता. ब्राझीलमध्ये दोन्ही जातींचा संकर होऊन आर्मिजेराचे असे एक प्रतिकारक जनुक झियात उतरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावकी पुन्हा एकत्र नांदू लागली ती अशी.

शेतकऱ्याला काय त्याचे?

हा प्रश्न रास्त आहे. ठिपक्यांच्या अळीचे कुळ बदलले म्हणून औषधाची मात्रा बदलत नाही आणि अळीची भूकही कमी होत नाही. तरीही नात्याचा अचूक तक्ता उपयोगी पडतो, तो अंदाज बांधण्यासाठी. एका जातीबद्दल कळलेले दुसरीला लागू पडेल काय, हे ठरवायचे तर त्या दोघी किती जवळच्या, हे आधी ठाऊक हवे.

कामगंध सापळ्याचे उदाहरण घेऊ. हिरव्या बोंडअळीसाठी लावायची गोळी आणि गुलाबी अळीसाठी लावायची गोळी वेगळी असते, कारण मादीचा गंध जातीगणिक वेगळा. चुकीची गोळी लावलेला सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. हे सापळा न लावण्यापेक्षा वाईट. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी वापरले जाणारे एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषधही असेच निवडक आहे. त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची. ते ठिपक्यांच्या किंवा गुलाबी अळीवर मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. आपल्याकडे मात्र अनेक कीटकनाशकांच्या डब्यांवर आणि कृषी केंद्रांच्या काउंटरवर नुसते 'बोंडअळी' एवढेच असते. जणू तिघी एकच!

या सरसकटपणाची सर्वांत मोठी किंमत बीटी कापसाच्या कथेत मोजावी लागली. मार्च २००२ मध्ये एका प्रथिनाचे आणि २००६ मध्ये दोन प्रथिनांचे बीटी वाण देशात आले. त्या काळी मुख्य शत्रू होती हिरवी बोंडअळी आणि तिच्याविरुद्ध या वाणांनी चांगले काम केले. पण बोंडअळीला 'चालणारे' वाण म्हणून ज्याची ख्याती झाली, त्यात गुलाबी अळीचा स्वतंत्र विचार मागे पडला. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, शेकडो वनस्पती खाते. त्यामुळे बीटीचे विष न चाखलेले पतंग आसपास सदैव तयार होत राहतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. गुलाबी अळीचे जवळजवळ सारे आयुष्य कपाशीवर. शिवारात सर्वत्र बीटी कपाशी, बांधावरची साधी कपाशी लावण्याकडे दुर्लक्ष, त्यात हंगाम संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेण्याची सवय: अशा स्थितीत तिच्या प्रत्येक पिढीची गाठ त्याच विषाशी पडत गेली. गुजरातमधील गुलाबी अळ्यांनी पहिल्या प्रथिनाला दाद न दिल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. नंतर दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरत गेले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशी गुलाबी अळीने पोखरली. वर्धा जिल्हाही त्यातून सुटला नाही. ज्या कुळातील कीड पाहून तटबंदी उभारली, त्याच्या अगदी दूरच्या कुळातील किडीने ती ओलांडली.

जाता जाता, या गुलाबी अळीचे शास्त्रीय नामकरण ज्या नमुन्यांवरून झाले ते भडोचच्या कपाशीवरचे होते. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स याने १८४० च्या दशकात ते केले. तिचाही वंश त्यानंतर अनेकदा बदलला आणि १९१७ मध्ये ऑगस्ट बुस्क याने तिला पेक्टिनोफोरा या वंशात बसवले. कुळ मात्र हलले नाही.

दोन उंटअळ्या, दोन कुळे

नव्या मांडणीने वर्धा जिल्ह्यातल्या इतरही ओळखीच्या किडींची घरे बदलली आहेत. कपाशीची पाने खाणारी उंटअळी, म्हणजे अनोमिस फ्लाव्हा, आता एरेबिडीत गेली. सोयाबीनवरील हिरवी उंटअळी, क्रायसोडेक्सिस अक्युटा, नॉक्टुइडीतच राहिली. दोघी पाठीची कमान करून चालतात म्हणून दोघींना मराठीत एक नाव. नाते मात्र दूरचे. पोटाखालचे पाय कमी झाले की अळीला अशी कमान करून चालावेच लागते आणि पाय कमी होण्याची ही घटना पतंगांच्या इतिहासात एकाहून अधिक वेळा घडली आहे. सोयाबीनवरची केसाळ अळी पूर्वी आर्क्टिइडीत होती. ते कुळच बरखास्त झाल्याने तीही एरेबिडीत आली. आणि आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्राउत्पादकांची झोप उडवणारा, रात्री फळाला सोंड खुपसून रस शोषणारा पतंग, जो जुन्या पुस्तकांत नॉक्टुइडी म्हणून छापलेला आढळेल, तोसुद्धा एरेबिडीच. तंबाखूची पाने खाणारी अळी आणि २०१८ मध्ये भारतात येऊन मक्यावर पसरलेली लष्करी अळी या मात्र जुन्या घरीच, नॉक्टुइडीत, आहेत.

त्यामुळे एखाद्या पत्रकात ठिपक्यांच्या बोंडअळीपुढे कंसात नॉक्टुइडी आणि दुसऱ्यात नोलिडी असे आढळले, तर स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी किंवा कृषी पदविकाधारकांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. पहिल्याचा मजकूर जुन्या आवृत्तीवरून उतरवलेला असतो. पत्रके काढणाऱ्यांनी मात्र ते एकदा तपासून घ्यायला हरकत नसावी.

नॉक्टुइडीच्या आतील उपकुळांची मोजदाद अद्याप चालूच आहे. केविन कीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जनुकांच्या आधारे त्यातील अनेक उपकुळांची फेरमांडणी केली, काही मोडली, काही नव्याने उभी केली. हिरवी बोंडअळी ज्यात मोडते ते हेलिऑथिनी हे उपकुळ त्या उलथापालथीतही जागच्या जागी राहिले.